कार्ड खोटं बोलत न्हाय

आमच्या साडूंइतका बिनचूक माणूस सोलापुरात झाला न्हाय, पुढं होणार न्हाय, आणि मागं कोण झाला असला तर साडूंनी त्याची चूक शोधून काढली असती. ह्ये मी म्हणत न्हाय, तेच म्हणायचे, आणि दिवसातनं तीन बार म्हणायचे. मी तेंना बायकोचं बघून दाजी म्हणायचो. माझी बायको धाकटी, तेंची थोरली. एकाच घरच्या दोन पोरी, पण एकीच्या नशिबाला बिनचूक माणूस आला आणि दुसरीच्या नशिबाला मी. सासरे शेवटपर्यंत लोकांना सांगायचे, दोघांची बेरीज करून निम्मी केली तर जावई बरे मिळाले.

दाजी चादरीच्या कारखान्यात कार्ड कापायचे. आता ज्यानं जकार्डचा माग बघितला न्हाय त्याला सांगतो. मागाच्या डोक्यावर पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची माळ फिरत असती. एकेका पट्टीवर भोकं. भोक आलं की दोरा वर उचलतो, भोक न्हाय तितं खाली ऱ्हातो, आणि असं करत करत खाली चादरीवर मोर न्हायतर कमळ उगवतं. त्या पट्टीला कार्ड म्हणायचं. चौकटीच्या कागदावरलं चित्र बघून कुटं भोक पाडायचं आणि कुटं न्हाय, ह्ये काम दाजींचं. एका मोराला शेकड्यानं कार्डं लागायची आणि त्यातलं एक बी भोक वाकडं पडायचं न्हाय. दाजी म्हणायचे, "माणूस खोटं बोलतो, पेपर खोटं बोलतो, कार्ड खोटं बोलत न्हाय."

पेपर खोटं बोलतो म्हणायचे, पण वाचल्याबिगर भाकरी सोडायचे न्हाईत. दुपारच्या सुट्टीत आमी दहा-बाराजण तेंच्या भोवती बसायचो. बातमी निम्मी वाचायची आणि मत दुप्पट द्यायचं, अशी तेंची पद्धत. एकदा पेपरात कंप्युटरचा फोटो आला. खोलीएवढं यंत्र, आणि खाली लिवलेलं की कार्डाला भोकं पाडून त्याला काम सांगत्यात. दाजींनी फोटो डोळ्याजवळ नेला, लांब नेला, आणि म्हणाले, "ह्ये तर आपलं जकार्ड हाय की. एवढा खर्च केला आणि शेवटाला भायेर येतोय काय, तर कागद. थंडीत काय कागद पांघरायचा?" आमी हसलो, पण दाजींनी ती बातमी मनाला लावून घेतली. संध्याकाळी तेंनी पोस्टकार्ड टाकलं, की भोकाच्या बाबतीत कायबी अडचण आली तर कळवावे, आमचा अनुभव वीस वर्षांचा. पत्ता ठाऊक न्हवता म्हणून 'कंप्युटरवाले, मुंबई' एवढंच लिवलं. उत्तर काय आलं न्हाय. दाजी म्हणाले, अडचण आली नसंल.

आपल्या देशानं पैला उपग्रह सोडला तवा कारखान्यात पेढे वाटले. सगळे पेढे खात होते आणि दाजी त्या बातमीत कार्डं किती लागली ते शोधत होते. सापडलं न्हाय. वार्ताहर कच्चा हाय, म्हणाले. दिल्लीचं सरकार बदललं, लोकांनी गुलाल उधळला, तर दाजींचं मत एवढंच, की आडवा पळणारा धोटा नवा घातलाय, उभा ताणा तोच हाय. आमी विणकाम करणारी माणसं, आमाला तेवढं राजकारण वर्षभर पुरायचं.

कार्डाचा तेंना एवढा नाद, की घर बी तेंनी कार्डावर घातलं. आक्का, म्हणजे तेंची बायको, माझी मेव्हणी. तिला वाचता येत न्हवतं, म्हणून दाजींनी तिच्यासाठी दिवसाची एक माळ कापली आणि चुलीजवळच्या खिळ्याला टांगली. एक भोक म्हणजे पाणी भरायचं, दोन म्हणजे भाकरी, तीन म्हणजे धुणं. एक काम झालं की पुढचं कार्ड ओढायचं. आक्का बिचारी कार्ड ओढून नळाखाली घागर लावून बसली, तर नळ येईना. भाकरीचं कार्ड ओढून तवा ठेवला, तर नळ आला. तिनं तवा सोडला आणि घागर घेऊन पळाली, भाकरी जळली. दाजी जेवायला आले, काळी भाकरी बघितली, माळ तपासली, आणि म्हणाले, "कार्ड बरोबर हाय. नळ चुकला." आक्कानं ती माळ चुलीत घातली. म्हणली, आज पैल्यांदा तुमच्या कार्डावर कायतरी शिजलं.

आता माझं सांगतो. मी सायकलच्या दुकानात होतो, तितं एक पंक्चर काढताना दोन नवी करायचो. मालकानं हात जोडले. मग खानावळीत वाढपी झालो. आमटी ताटात कमी आणि गिऱ्हाइकाच्या मांडीवर जास्त. खानावळवाल्यानं हात जोडले न्हाईत, उचलला. घरात दोन पोरी, बायको माहेरी माझ्याबद्दल बोलायची बंद झालेली. शेवटाला दाजी मला घेऊन कारखान्याच्या मालकापुढं उभे ऱ्हायले. मालक घरात तेलुगू बोलायचे, कामगारांशी मराठी. तेंनी विचारलं, ह्येला काय येतं. दाजी म्हणाले, काय येत न्हाय, पण माझा साडू हाय, शब्द माझा. तेवढ्यावर मला घेतलं. काम काय, तर कापलेली कार्डं एकामागं एक दोऱ्यानं ओवून माळ करायची. ह्येला शाळा लागत न्हाय. प्रत्येक कार्डाच्या सुलट बाजूला दाजी तांबडा ठिपका द्यायचे. ठिपका वर ठेवून ओवायचं, झालं. ही खूण आमा दोघांपुरतीच. मला अक्षर ओळख न्हाय, पण ठिपका वाचता यायचा. सुरवातीला दाजी माझी प्रत्येक माळ तपासायचे. दोन वर्षं झाल्यावर तपासायचं सोडलं. माझ्या जन्मात माझ्यावर एवढा विश्वास कुणी टाकला न्हवता, आईनं सुदिक न्हाय.

तर त्या वर्षी आभाळातनं ते स्कायलॅब पडणार म्हणून सगळीकडं बोंब उठली. अमेरिकेनं वर सोडलेलं घराएवढं यंत्र, आता कुटं पडंल ते अमेरिकेला बी ठाऊक न्हाय. कुणी कोंबड्या कापून खाल्ल्या, कुणी अंगणात झोपायचं सोडलं. आमच्या कारखान्यात नेमकी तवाच घाई. मालकांनी दिवाळीसाठी मोराची नवी चादर काढली होती, आणि ती बघायला भायेरगावचा मोठा व्यापारी येणार होता. म्हणून मी जेवणाच्या सुट्टीत बी ओवत बसलो होतो आणि दाजी पेपर वाचत होते. कुणीतरी विचारलं, दाजी, ते खाली कसं काय यायला लागलं ओ? दाजींनी पेपर मांडीवर ठेवला. "कसं म्हणजे? कुणीतरी कार्ड उलटं ओवलंय. असल्या माणसाला दुसऱ्या दिवशी घरी बसवायला पायजे."

मी मान हालवली. व्हय, बसवायलाच पायजे. आणि मान हालवता हालवता वर पत्र्याकडं बघितलं, की ते पडलं तर ह्या पत्र्यातनं कुटनं येईल, आणि मी मागाखाली शिरू का दाराकडं पळू. हात आपले ओवत होते.

दोन दिवसांनी चादर मागावर चढली. मोराचे पाय निघाले, पिसारा निघाला, धड निघालं, आणि मग मागवाला हसायला लागला. सगळे जमले. धड उजवीकडं तोंड करून उभं, मान निघालेली डावीकडनं. धड हैद्राबादला निघालेलं, मुंडकं पुण्याला, आणि मधी सोलापूर मोकळं. मी बी हसलो. लई हसलो. हसता हसता वर फिरणाऱ्या माळेकडं बघितलं, आणि मानेच्या जागच्या कार्डांवर मला एक बी ठिपका दिसला न्हाय. ठिपके सगळे पलीकडच्या बाजूला.

मालक आले. संध्याकाळच्या गाडीनं व्यापारी यायचा होता. तेंनी चादर बघितली आणि हळू आवाजात विचारलं, "ह्ये कुणाचं काम?"

दाजी माळेजवळ गेले. एक कार्ड उलटलं, दुसरं उलटलं, तिसरं उलटलं न्हाय. मग माझ्याकडं बघितलं. मी पत्र्याकडं बघत होतो. तितं त्या वेळी काय पडणार न्हवतं, तरी बघत होतो. पडलं असतं तर बरं झालं असतं.

"माझं," दाजी म्हणाले. "ठिपका मीच उलट्या बाजूला दिला."

जो माणूस जन्मभर कार्ड खोटं बोलत न्हाय म्हणत आला, तो त्या कार्डापुढं उभा ऱ्हाऊन खोटं बोलला, आणि मी खरं बोलायला तोंड उघडलं न्हाय. मालकांनी व्यापाऱ्याला जुनीच चादर दाखवली. पण दुसऱ्या दिवसापास्नं दाजींचं कार्ड मागावर चढायच्या आधी मालकांचा भाचा मोजपट्टी घेऊन तपासायला लागला. इतक्या वर्षांत ह्ये झालं न्हवतं. भाचा एकेका भोकावर पट्टी ठेवायचा आणि दाजी बाजूला हात मागं बांधून उभे ऱ्हायचे, शाळेतल्या पोरावानी. घरी जाताना मी म्हणालो, दाजी, उद्या मी मालकांना सांगतो. तेंनी चालायचं थांबवलं न्हाय.

"तुला दोन पोरी हायत. मोर मला पुना काढता येतो."

मग ते स्कायलॅब पडलं. निम्मं समुद्रात, निम्मं ऑस्ट्रेलियाच्या माळावर, माणूस कोण मेलं न्हाय. सुट्टीत दाजींनी बातमी वाचली. मोर झाल्यापास्नं तेंनी एक मत दिलं न्हवतं, पेपर वाचायचे आणि घडी घालायचे. सगळे तेंच्या तोंडाकडं बघत होते. एकजण म्हणाला, दाजी, ज्यानं कार्ड उलटं ओवलं त्याचं पुढं काय झालं, कळलं का? दाजींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"काय होणार न्हाय त्याला. तितं बी कुणाचा तरी साडू असंल."

सगळे खो खो हसले. कशाला हसतोय ते तेंना ठाऊक न्हवतं. मला ठाऊक होतं, म्हणून मला हसता आलं न्हाय.

पुढं वर्षं गेली. भाच्यानं पट्टी ठेवून दिली, दाजींनी कमळं काढली, हत्ती काढले, मोर बी काढले. पण पावणेरावळे जमले की आक्का तो उलटा मोर काढायचीच. बिनचूक माणूस बघा आमचा, म्हणायची, आणि सगळी पंगत हसायची. दाजी मान खाली घालून जेवायचे. माझ्या थोरल्या पोरीच्या लग्नात आक्कानं नव्या व्याह्यांपुढं सुदिक तेच सांगायला सुरवात केली. मला ऱ्हावलं न्हाय. मी म्हणालो, आक्का, ऐक, तो मोर... आणि दाजींनी माझ्याकडं न बघता वाढप्याला हाक मारली.

"ह्यांच्या पानात जिलबी वाढ रं. तोंड रिकामं दिसतंय."

त्यानं चार वाढल्या. मी चारी खाल्ल्या, आणि बोलायचं ऱ्हायलं.

आता दाजी न्हाईत. तोंड रिकामं हाय, म्हणून सांगितलं.