इंद्रदेवचे डोळे येतात

मोंतान्य ब्लांश या गावचा इंद्रदेव दारूच्या थेंबाला शिवत नसे, पण गावात तो पक्का दारुडा म्हणून ओळखला जाई. वांग्याच्या शेतातून परतताना दिवस मावळला की तो कधी पाटात पडे, कधी दुसऱ्याच्याच गोठ्यात शिरे. त्याला अंधारात दिसत नसे. बापाचंही तसंच होतं, आणि शेवटी त्याला दिवसाही दिसेनासं झालं. आंधळा म्हणून कीव करून घेण्यापेक्षा इंद्रदेवला दारुडा म्हणवून घेणं बरं वाटे. "लोक पिऊन बदनाम होतात, मी न पिताच जमवलं," असं तो बायकोला, कुंतीला सांगे.

ऐंशीचं दशक निम्मं सरलं तेव्हा लेक विद्यावती त्याला ओढतच डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर परदेशात शिकून आलेले. त्यांनी सांगितलं, हा आजार पिढीजात आहे. पेशींमधलं एक जनुक बिघडलेलं आहे. त्यावर आज औषध नाही. पण तिकडच्या प्रयोगशाळांत विषाणूचा उपद्रव काढून टाकतात, त्याच्याबरोबर चांगलं जनुक पेशीत पोचवतात. उद्या कधीतरी हे डोळ्यातही जमेल.

इंद्रदेवच्या डोक्यात एवढंच राहिलं, की विषाणू डोळ्यात गेला की दिसू लागतं.

नेमके तेव्हाच शेजारच्या बाबूरावचे डोळे आले होते. इंद्रदेव त्याच्याजवळ जाऊन बसला, मायेनं विचारपूस केली आणि निघताना त्याच्याच टॉवेलनं तोंड पुसलं. व्हायचं तेच झालं. डोळे लालभडक, चिकट, सुजून बंद. आता भर दुपारीही दिसेना.

"अवो, डोळे आणायला सांगितले होते, हे कसले आणले?" कुंती म्हणाली.

विद्यावतीनं त्याला पुन्हा डॉक्टरांकडे नेलं, तेव्हा सारं ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. "विषाणू म्हणजे नुसती लॉरी. आत माल नको?"

"मी रिकामीच दारात आणून धडकवली," इंद्रदेव म्हणाला.

मग डॉक्टरांनी विद्यावतीचेही डोळे तपासायला घेतले. ती आत होती तोवर इंद्रदेव बाहेर बाकावर रुमालाची घडी घालत-उलगडत बसला. एकही विनोद सुचला नाही. तिच्या डोळ्यांत काही दोष निघाला नाही, तेव्हा त्यानं चेहरा पुसला, स्वतःच्या रुमालानं.

पुढे देवळातल्या मंडळात तो ही फजिती रंगवून सांगू लागला, डॉक्टरची नक्कल करत. सगळ्यांत जास्त हसली त्याची चुलतबहीण चंपा. दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटीच त्याच्या घरी आली आणि हळूच विचारू लागली, ते डॉक्टर कुठल्या वारी बसतात.