वायरमन काकांचं अर्थिंग

गेल्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळच्या चहाच्या वेळेला, आमच्या गल्लीतल्या वायरमन काकांवर अन्याय झाला. लोंबकळत्या वायरी कापायला ठेकेदाराची माणसं आली आणि केबलसोबत त्यांनी कडुलिंबावर चढलेली काकांची गुळवेलही बुंध्याशी कापून टाकली. तिच्या खाली सुटलेल्या मुळ्या तर इंटरनेटच्या वायरी समजून ओढून नेल्या! वेलीवर इतका जीव टाकणारा माणूस या शहरात दुसरा नाही, हे मी कुठल्याही चौकात उभा राहून सांगेन.

काका मूळचे बिडकीनचे, नोकरी खांबावर चढायची. निवृत्त झाले, खांब सुटला, पण चढणाऱ्याची काळजी सुटली नाही. घरातल्या मनी प्लँटच्या पेराला मुळीचं तपकिरी टोक फुटलं की पेढे वाटायचेच तेवढे बाकी ठेवत. भिंत धरणारी मुळी म्हणजे 'क्लिप' आणि जमिनीकडं सुटणारी म्हणजे 'अर्थिंग', हे त्यांचं वनस्पतिशास्त्र. हवेतली मुळी ओलाव्याशिवाय वाढत नाही म्हणून शहागंजच्या बाजारातून न्हाव्याकडं असतो तसला फवारा आणला होता. मनी प्लँटच्या काथ्या गुंडाळलेल्या काठीवर दिवसभर फुसफुस. सोफ्यावरचा पाहुणाही भिजून निघायचा. मुळी उजेड टाळून अंधारी भिंत धरते, हे कळल्यापासून तर खिडकीच बंद.

"येलीसाठी अंधार केलाय, अन् मला तांदळातले खडे दिसंनात," काकू करवादायच्या.

"अगं, लाजाळू हाय ती. तुझ्यावानी नाय."

वेल कापली तेव्हा मी ठेकेदाराच्या माणसाशी हमरीतुमरीवर आलो होतो. काका मात्र वर बघत उभे. "भांडू नको बेटा. वर जीव हाय अजून. आता तीच नवं अर्थिंग सोडंल बघ."

सोडलंही. दमट हवेत फांदीवरून दोऱ्यासारख्या मुळ्या निघाल्या आणि हळूहळू खाली येऊ लागल्या. काका खाली खुर्ची टाकून पहारा देत. "चचा, ये क्या लटका के रखा है?" एखादा स्कूटरवाला विचारायचा. "मेरी लाईन है, हात मत लगाव!"

दिवाळीनंतर काका घसरले, पाय मोडला, आणि लेकीनं दोघांना पुण्याला नेलं, उंच इमारतीत. फोन आला की मला तब्येतीचं विचारूच देत नाहीत. "कुठवर आली?"

"तुमच्या खांद्यापर्यंत आली, काका."

"मग टेकंल," म्हणतात.

खाली माती उरलेली नाही, हे मी त्यांना सांगितलेलं नाही. ते गेल्यावर भिंतीपासून भिंतीपर्यंत पेव्हर ब्लॉक बसले, अगदी कडुलिंबाच्या बुंध्याला चिकटून. मुळी टेकेल ती सिमेंटवर, आणि सुकेल.

गल्लीकरांनो, लग्नाच्या मांडवात वीज गेली की काकांना जेवणावरून उठवून नेणारे तुम्हीच ना? मग पहार घेऊन या. निवेदन नको, फोटो नको. वाचणारे दुसऱ्या गल्लीतले असाल, तर तुमच्या झाडाखाली जा. एक ब्लॉक उचला.