तुतीची बीअर आणि वीतभर सांधा

टाकीकाकांच्या जिभेला दोनच चवी कळतात, असं काकू सगळ्यांना सांगायच्या: लोखंड आहे आणि लोखंड नाही. भाजीत मीठ घालायचं राहिलं तरी हा माणूस मुकाट जेवून उठायचा. पण पाण्याचा पेला तोंडाला लावला रे लावला की म्हणायचा, "हलका पत्रा आहे हा." आणि तो असायचाच.

चाळीस वर्षं काकांनी स्टीलच्या टाक्या जोडल्या. दुधाच्या, तेलाच्या, खोकल्याच्या औषधाच्या. टाकी झाली की स्वतः आत उतरायचे आणि कापसाचा बोळा एकेका सांध्यावरून फिरवायचे. एक तंतू जरी अडकला तरी सांधा पुन्हा घासायचा. बारीकशी खाच राहिली की तिथं मळ धरतो, मग गंज, मग आतल्या मालाला टाकीची चव. "टाकी कशी हवी? नसल्यासारखी," एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान.

निवृत्त होऊन, दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं उरकून ते घरी बसले होते, तेव्हा पुतणीनं आठशे लिटरची टाकी मागितली. तिनं दोन खोल्यांच्या गाळ्यात बीअर बनवायला घेतली होती. "जन्मात थेंब घेतला नाही या माणसानं," काकू म्हणाल्या, "आणि आता म्हातारपणी दारूची टाकी."

टाकी झाली. सगळी मनासारखी झाली, फक्त झाकणाखालच्या वीतभर सांध्यावर हात थरथरला. काकांनी तो घासला, बोळा फिरवला. तंतू अडकला नाही. पण मनात काहीतरी अडकलं ते अडकलंच. कुणाला बोलले मात्र नाहीत.

तीन महिन्यांनी एका सकाळी पुतणीचा फोन आला. "काका, तुतीची बीअर झालीय. चव छान आहे, पण शेवटी जिभेवर काहीतरी तुरट राहतंय. फळाचं की टाकीचं, मला कळेना. तुम्ही येता का?"

"टाकीचं निघालं तर?"

"तर आठशे लिटर गटारात. आणि टाकीही बदलावी लागेल."

काका शर्टाची बटणं वरखाली लावून निघाले. काकूही चपला घालून तयार. "पडलात तर उचलायला कुणी हवं ना."

गाळ्यात त्यांची टाकी कोपऱ्यात उभी होती. तिच्यातून निघालेली नळी पाण्याच्या बादलीत सोडली होती आणि बादलीत थोड्या थोड्या वेळानं एकेक बुडबुडा फुटत होता.

"आता शांत झालीय," पुतणी म्हणाली. "पहिले आठ दिवस बादली नुसती उकळत होती. आतलं यीस्ट साखर खातं आणि श्वास सोडतं."

काकांनी टाकीवर तळवा ठेवला. त्यांच्या टाक्यांत आजवर जे भरलं ते निमूट पडून राहिलं होतं. ही श्वास घेत होती. त्यांनी हळूच हात काढून घेतला, झोपलेल्या बाळावरून काढावा तसा.

पुतणीनं याच टाकीतून काढून ठेवलेल्या शेजारच्या पिंपातून ग्लास भरला. तुती खाल्ल्यावर दुसऱ्या दिवशी बोटांवर उरतो, तो रंग. वर तान्ह्या मुलाच्या टाचेसारखा गुलाबी फेस. तळातून बारीक बुडबुड्यांची एक रेघ वर चढत होती. इतका सरळ सांधा काकांनी आयुष्यात पाहिला नव्हता.

पहिला घोट त्यांनी झडतीला आलेल्या पोलिसासारखा घेतला. लोखंड जिभेच्या टोकाला नाही. कडेला नाही. शोधत शोधत आत शिरले, तर वाटेत आंबट भेटलं. त्याच्यामागे गोड, लाजत लाजत. त्याच्याही मागे भाजलेल्या पावाच्या कडेसारखं काहीतरी खरपूस. ज्या घराच्या कडीकोयंड्यापलीकडे एकाहत्तर वर्षं कधी पाहिलं नाही, त्या घरात एवढी माणसं राहतात हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

"काका? टाकीचं आहे का?"

त्यांनी दुसरा घोट घेतला, डोळे मिटले. शेवटी तो तुरटपणा आलाच. त्यांनी तो दातांमागे घोळवला.

"हे हिरवं आहे," ते म्हणाले. "लोखंड कधी हिरवं लागत नाही. तुतीचे देठ काढलेस का?"

पुतणीनं जीभ चावली. "शेवटच्या दोन क्रेटचे राहिले. हात दुखायला लागले होते."

काका खाली बसले, बादलीशेजारच्या स्टुलावर. मग त्यांनी तो वीतभर सांधा, थरथरलेला हात, सगळं सांगून टाकलं.

"आणि मला आज सांगताय?"

"आधी सांगितलं असतं तर टाकी घेतली असतीस?"

"तुमचीच घेतली असती. पण तो सांधा दोघांनी मिळून तपासला असता."

एवढ्यात काकूंनी त्यांच्या हातातला ग्लास काढून घेतला आणि कुणी पाहायच्या आत एक घोट घेतला. तोंड वाकडं केलं, मग सरळ केलं, मग आणखी एक घेतला.

"अहो," त्या म्हणाल्या, "यात तुमचं तर काहीच लागत नाही."

काकांनी वर पाहिलं. बादलीत एक बुडबुडा फुटला.

"पुन्हा म्हण," ते म्हणाले.