अलगदचा उजवा हात

गळ्यावर उघडा वस्तरा फिरतोय आणि खुर्चीतला माणूस चक्क घोरतोय, हे बघायचं असेल तर या दुकानात यावं लागायचं. आता येऊ नका. आता तिथं बघण्यासारखं काही उरलेलं नाही.

दुकान लहानसंच. दोन खुर्च्या, दोन आरसे, रस्त्याच्या बाजूला काचेची खिडकी आणि मागं वर जाणारा अरुंद जिना. वर घर. पहिल्या खुर्चीमागे आधी वडील उभे राहायचे. त्यांचे हात थरथरायला लागले तसे ते वर गेले आणि ती जागा मुलाकडे आली. एकदा एक गिऱ्हाईक खुर्चीत डोळे उघडून म्हणालं, सुरुवात कधी करताय? तोवर दाढी होऊन गालावरून तुरटीसुद्धा फिरली होती. सगळं दुकान हसलं आणि त्या दिवसापासून या माणसाचं नाव पडलं अलगद. बायको सोडली तर सगळे त्याला याच नावानं हाक मारत. ती तरी कशी मारणार, ती तर त्याच्यावर ओरडतानाही 'अहो' म्हणायची.

रोज सकाळी दुकानाचं दार उघडायच्या आधी वडील जिना उतरून यायचे, पहिल्या खुर्चीत बसायचे आणि मान मागं टाकून डोळे मिटायचे. अलगद त्यांची दाढी करायचा. झाली, की वडील हाताची मागची बाजू गालावरून फिरवायचे आणि म्हणायचे, "हं." एवढंच. आयुष्यात त्यांनी मुलाचं दुसरं कौतुक केलं नाही. पण त्या एका 'हं'वर अलगदचा सगळा दिवस जायचा. ज्या दिवशी 'हं' यायला जरा उशीर व्हायचा, त्या दिवशी तो वस्तरा पट्ट्यावर पुन्हा पुन्हा परजत राहायचा आणि घरात कोणाशी नीट बोलायचा नाही.

आठवड्याच्या सुट्टीला मात्र त्याला दुकान आठवायचं नाही. मेहुण्याला घेऊन तो तलावावर मासे धरायला जायचा. आता मासे धरायला म्हणायचं एवढंच. ही जोडी मासे सोडून बाकी सगळं धरून आणायची. गळ फेकताना मेहुण्याची टोपी उडवून पाण्यात नेऊन टाकलेली. झाडाच्या फांदीत आमिषाचे रंगीत नकली मासे असे लटकवलेले, की येणारे-जाणारे विचारायचे आज कसला समारंभ आहे. एकदा तर अलगदनं गळ स्वतःच्याच पँटला मागच्या बाजूनं अडकवून घेतला आणि घरापर्यंत उभा आला. बायकोनं तो कात्रीनं कापून काढला आणि तेव्हाच म्हणाली, मासा मोठा आहे, पण खाण्यालायक नाही.

तलावाच्या बांधावर बसणाऱ्या सगळ्यांचीच ही कथा. कोणाच्या बोटात गळ रुतायचा, कोणाच्या कानाच्या पाळीत. गळाच्या टोकाशी एक बारीक उलटा काटा असतो, आत जाताना जातो आणि मागं ओढलं की मांस धरून बसतो. पण बांधावर अलगद होता ना. तो दोऱ्याचा फास गळाच्या वाकात घालायचा, एका हातानं गळाची दांडी कातडीवर दाबून धरायचा, म्हणजे आतला काटा मोकळा होतो, आणि त्या माणसाशी भलतंच काहीतरी बोलत दुसऱ्या हातानं दोऱ्याला असा काही हिसका द्यायचा की माणूस ओरडायचा राहूनच जायचा. काढलेला प्रत्येक गळ तो दुकानात आणून आरशाखालच्या लाकडी पट्टीत टोचून ठेवायचा. पट्टी भरत आली होती. गिऱ्हाइकाच्या गालाला फेस लावता लावता तो सांगायचा, हा मास्तरांच्या कानातला, हा फोटोवाल्याच्या अंगठ्यातला. आणि प्रत्येकाला न चुकता बजावायचा, की हे काम दोघांचं आहे, स्वतःचा गळ स्वतः काढायला जाऊ नये. दाबायचं एका दिशेला असतं आणि ओढायचं दुसऱ्या.

आता त्याची एक खोड सांगायला हवी, कारण सगळं रामायण तिथूनच सुरू झालं. नकली मासे तो घरी लाकडाचे कोरायचा, दुकानात पडलेल्या केसांच्या त्यांना शेपट्या लावायचा, आणि त्यांचे गळ वस्तऱ्याच्या दगडावर घासायचा. बाजारातला गळ त्याला बोथट वाटायचा. धारेचा माणूस तो, त्याला बोथट काही हातात धरवायचं नाही. टोक घासून भागेना म्हणून तो आतला उलटा काटासुद्धा घासायला लागला. इतका, की दुपारच्या उन्हात त्या काट्याची कड चमकायची. जगात मासे धरणारे कमी नाहीत, पण काट्याला वस्तऱ्याची धार लावायचं न्हाव्यालाच सुचावं. वडिलांनी एकदा पाहिलं आणि म्हणाले, तो दगड वस्तऱ्याचा आहे, त्याच्यावर दुसरं काही घासू नये. अलगदला वाटलं, म्हाताऱ्यांना दगडाची काळजी. तो हसला आणि त्यांची पाठ वळल्यावर उरलेलं घासून टाकलं.

त्या दिवशी मासे मुळीच लागत नव्हते. अलगदनं आपला नवा, हिरव्या पाठीचा नकली मासा लांब फेकला आणि तो पाण्याखालच्या कुठल्यातरी खोडात जाऊन अडकला. मेहुणा म्हणाला, दाजी, दोरी कापा. पण चार संध्याकाळी खपून कोरलेला मासा असा सोडून द्यायचा म्हणजे काय. अलगदनं गळाची काठी खाली ठेवली, दोरी मनगटाला गुंडाळली आणि मागं रेलून जोरात ओढली. खोडानं एकदम सोडलं. हिरवा मासा पाण्यातून सुटला तो सरळ त्याच्याकडेच आला, आणि चेहरा वाचवायला त्यानं पुढं केलेल्या उजव्या हातात, अंगठ्याच्या मुळाशी, गळ वाकापर्यंत रुतला.

मेहुण्याचा चेहरा पांढरा पडला. तो सारखा एकच म्हणत होता, दाजी, दवाखान्यात चला. आणि खरं तर तेच करायचं होतं. उठायचं, हाताला रुमाल बांधायचा आणि जायचं. पण तोवर बांधावरची मंडळी जमली. फोटोवाला होता, मास्तर होते, आणखी दोघंतिघं होते, सगळे कधी ना कधी त्याच्या हाताखालून गेलेले. कोणीतरी हसत म्हणालं, आज न्हाव्याचीच हजामत. बोलणाऱ्याच्या मनात काही नव्हतं. पण अलगदच्या डोक्यात ते गेलं. दुसऱ्या दिवशी हीच मंडळी खुर्चीत बसणार आणि आरशाखालच्या पट्टीकडे बघून हसणार, हे त्याला आत्ताच दिसायला लागलं.

मेहुण्याचे हात लटलटत होते, दांडी दाबायला त्याचा काही उपयोग नव्हता. मास्तर पुढं झाले, मी धरतो म्हणाले. अलगदनं त्यांनाही बाजूला केलं. डाव्या हातानं फास घातला, उजवा हात तोंडाशी नेला, दांडी दातांनी दाबून धरली आणि डाव्या हातानं हिसका दिला. जे करू नका म्हणून त्यानं गावभर सांगितलं होतं, नेमकं तेच. दातांनी दाब धरला नाही. काटा मोकळा व्हायच्या आधीच गळ बाहेर आला, आणि त्या काट्याला कोणी धार लावली होती ते त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

बांधावर टाळ्या पडल्या. फोटोवाल्यानं त्याची पाठ थोपटली. रक्त फारसं आलंच नाही. अंगठा तेवढा बधिर पडला होता, शेजारचं बोटही. उतरेल, असं अलगद म्हणाला आणि गळ खिशात टाकून हसत घरी आला. आल्याआल्या त्यानं तो पट्टीत टोचला, सगळ्यांत वर.

सकाळी वडील खुर्चीत बसले, मान मागं टाकून डोळे मिटले. अलगदनं वस्तरा उचलला. वस्तरा हातात होता, हे त्याला नुसतं दिसत होतं. हाताला जाणवत नव्हतं. वस्तऱ्यावर किती जोर पडतोय, खाली गाल आहे की हाड, केस उभा आहे की आडवा, हे सगळं त्याला आजवर अंगठा आणि बोट सांगत आलं होतं. ती दोघं गप्प होती. त्यानं कशीबशी दाढी उरकली. 'हं' आलं, पण उशिरा आलं.

त्यानं कोणाला सांगितलं नाही. उद्या बरं होईल, परवा होईल, असं करत त्यानं हात सुजेपर्यंत दिवस काढले. शेवटी बायकोनं भाजी वाढताना त्याचा अंगठा पाहिला आणि त्याला जवळजवळ ओढतच दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाईंनी डोळे मिटायला सांगून बोटांना टाचणी लावली. अलगद विचारत होता, लावली का? बायकोनं तोंड फिरवलं. टाचणी केव्हाच लावून झाली होती.

आत शीर कापली गेली होती, जिच्यातून बोटांना स्पर्श कळतो ती. बाईंनी विचारलं, गळानं फाटतं, पण असं सरळ कापलं कसं गेलं? अलगदला वस्तऱ्याचा दगड आठवला. त्याच दिवशी आला असतात तर लगेच शिवता आली असती, असं त्या म्हणाल्या. आता आधी आतला पू काढायला हवा होता. तो काढला, मग शिवणही घातली, पण हात जो गेला तो गेला. सूज उतरली, जखम भरली, मूठ वळायला लागली, ताट उचलता यायला लागलं. बघणाऱ्याला वाटायचं, झाला की बरा. अंगठा आणि बोट मात्र मेलेलीच राहिली.

मग काय व्हायचं ते झालं. गळ्याला एक बारीक कापलं, ते मास्तरांच्या. मास्तर भले माणूस, स्वतःच तुरटी उचलून लावली, काही होत नाही म्हणाले. पुढच्या वेळी ते रस्त्यापलीकडच्या नव्या दुकानातून गुळगुळीत होऊन बाहेर पडताना दिसले, आणि खिडकीपाशी आल्यावर त्यांनी चपलेत खडा गेल्यासारखं खाली बघितलं. अलगदला त्यांचा राग आला नाही. गळा ज्याचा त्याला प्यारा असतो. आता खुर्चीत कोणी झोपत नव्हतं. उरलेले दोनचार जण डोळे टक्क उघडे ठेवून आरशात वस्तऱ्याकडे बघत बसायचे आणि खुर्चीचे हात घट्ट धरायचे.

दुपारी तो दार लोटून डाव्या हाताला शिकवायला बसायचा. नवशिक्याला शिकवतात तसं, फुगा फुगवायचा, त्याला साबणाचा फेस लावायचा आणि फुगा न फोडता वस्तऱ्यानं फेस काढायचा. वडिलांनी लहानपणी त्याला असंच शिकवलं होतं आणि तेव्हा दुसऱ्याच फुग्याला त्याला जमलं होतं. आता वर स्वयंपाकघरात बायकोला खालून फट्‌ असा आवाज यायचा. जरा वेळानं पुन्हा फट्‌. ती हातातलं काम थांबवून पुढच्या आवाजाची वाट बघत उभी राहायची. पलंगावरचे वडीलही ऐकत असणार, पण दोघं एकमेकांशी त्याबद्दल कधी बोलले नाहीत.

या सगळ्यात एक गिऱ्हाईक चुकलं नव्हतं. रोज सकाळी वडील जिना उतरत होते, मान मागं टाकत होते, डोळे मिटत होते. त्यांनी आरशात एकदाही पाहिलं नाही. अलगद त्यांच्यासाठी उजवाच हात वापरायचा. डावा हात वडिलांच्या गालाला लावायची त्याची हिंमत नव्हती, आणि जोवर उजव्या हाताला तो 'हं' मिळतोय, तोवर आपण न्हावी आहोत, एवढंच त्यानं मनाशी धरून ठेवलं होतं. बाकी सगळं गेलं तरी चालेल, असं तो स्वतःला सांगायचा.

त्या सकाळी वस्तरा हनुवटीखाली उतरला आणि अलगदला कळलं ते फेस लाल झाल्यावर. कळलं तेही डोळ्यांनी. वडिलांच्या पापणीचा केससुद्धा हलला नव्हता. किती लागलं असेल, पण म्हातारा माणूस तसाच मान टाकून पडून राहिला. अलगदनं घाईघाईनं पुसलं, तुरटी लावली, कापूस दाबून धरला. वडिलांनी हाताची मागची बाजू गालावरून फिरवली. बोटांना रक्त लागलं ते त्यांनी न बघता अंगावरच्या चादरीला पुसलं.

"हं," ते म्हणाले. लगेच म्हणाले, जराही उशीर न करता.

अलगद चादर हातात धरून उभा राहिला. एवढ्या वर्षांत वडिलांनी त्याला एकदाही खोटं 'हं' दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं पाणी गरम केलं, चादर झटकली, ब्रश भिजवला. जिन्यावर पाऊल वाजलं नाही. तो वर गेला. वडील पलंगावर बसून खिडकीबाहेर बघत होते. गालावर पांढरे खुंट आले होते. ज्या माणसानं आयुष्यभर गिऱ्हाइकांना ऐकवलं, की दाढी ठेवतो तो आळशी, त्या माणसाच्या गालावर.

"बाबा, पाणी निवतंय."

"मी म्हणतो, दाढी वाढवावी आता," वडील खिडकीकडेच बघत म्हणाले. "या वयाला शोभते."

अलगद 'बरं' म्हणाला आणि जिना उतरला. चादरीची घडी केली, ती पहिल्या खुर्चीच्या हातावर ठेवली. समोर आरसा होता, आरशाखाली पट्टी होती आणि सगळ्यांत वर तो गळ होता, अजून चमकत होता. दार उघडायची वेळ होऊन गेली, पण दाराशी कोणी उभं नव्हतं, म्हणून तो दुसऱ्या खुर्चीत बसून राहिला. वर वडिलांनी सवयीनं हाताची मागची बाजू गालावरून फिरवली असावी, कारण उघड्या जिन्यातून त्याला खुंटांची खरखर ऐकू आली. पुढं बराच वेळ तो कान देऊन बसला, पण वरून 'हं' आलं नाही.