ब्याऐंशी सालच्या पेन्या

ऑर्विल पेनरोझने एका सेंटची पेनी हातभर उंचीवरून संगमरवरी फरशीच्या तुकड्यावर टाकली आणि कान दिला.

थप्प.

"जस्त," असं म्हणून त्याने ती डावीकडच्या डब्यात फेकली. दुसरी उचलली, टाकली. थप्प. तीही डावीकडे गेली. उजवीकडचा कॉफीचा डबा केव्हाचा आ वासून बसला होता, आणि त्यात ब्याऐंशी सालची एकही पेनी पडलेली नव्हती.

हा नाद त्याला लावला मिलो वुकोविच ह्या जुन्या मित्राने. बर्फ पडायला लागला की ब्यूट गावात टेकडीवरच्या तांब्याच्या जुन्या खाणीचं संग्रहालय बंद होतं आणि ऑर्विलला सहा महिने काम उरत नाही. घरात तो इकडून तिकडे फिरत राही, बायकोच्या, ऐलाच्या, पायात येई, कपाटांची न बिघडलेली बिजागरं दुरुस्त करी. शेवटी ऐलानेच मिलोला फोन केला, "ह्या माणसाला काहीतरी दे करायला, नाहीतर मी फिनलंडला माहेरी जाते." ऐलाचं माहेर आधीच्या दोन पिढ्यांपासून ह्याच गावात, तीन गल्ल्या पलीकडे होतं. पण तिची धमकी ठरलेली होती.

मिलो बँकेतून पेन्यांचं एक खोकं घेऊन आला. कागदी वेटोळ्यांत गुंडाळलेल्या अडीच हजार पेन्या, पंचवीस डॉलरच्या. धापा टाकत त्याने खोकं स्वयंपाकघरातल्या टेबलावर आदळलं.

"हे बघ, ऑर्विल. सोप्पं आहे. ब्याऐंशीच्या आधीची पेनी म्हणजे तांबं. ती ठेवायची. ब्याऐंशीच्या नंतरची म्हणजे आत जस्त, वरून नुसता तांब्याचा मुलामा. ती परत बँकेत."

"आणि खुद्द ब्याऐंशीची?"

"तिथेच तर गंमत आहे! त्या वर्षी टांकसाळीने मधेच धातू बदलला. दोन्ही जातीच्या निघतात. म्हणून हा काटा." मिलोने खिशातून सोनाराकडे असतो तसला छोटा इलेक्ट्रॉनिक काटा काढला. "तीन ग्रॅमच्या वर भरली तर तांब्याची. अडीच भरली तर दे फेकून."

"आणि मग त्या तांब्याचं करायचं काय? वितळवायला तर सरकारची बंदी आहे."

"करायचं काय म्हणजे? ठेवायचं! बायकोला विचार, तिने लग्नातला चिनी मातीचा संच कशासाठी ठेवलाय."

ऑर्विल हसला नाही. त्याने एक जुनी, काळपट पेनी उचलून खिडकीच्या उजेडात धरली. एकोणीसशे सत्तर. त्या वर्षी तो टेकडीवरच्या खाणीत लिफ्टच्या पिंजऱ्याचं यंत्र हाकायला लागला होता. माणसं खाली सोडायची, दगड वर ओढायचा. त्या दगडातलं तांबं कुठे कुठे गेलं कुणास ठाऊक; त्यातलं थोडं हिंडून फिरून ह्या टेबलावर परत आलं नसेल कशावरून? हे त्याने मोठ्याने म्हटलं नाही. पण मिलोला कळलं, कारण मिलोही त्याच खाणीतला.

काटा मात्र त्याने परत सरकवला.

"हे खेळणं तुझ्याजवळच ठेव. एकतीस वर्षं मी घंटा ऐकून माणसं खालीवर केली आहेत. तांबं टिंग वाजतं, जस्त थप्प वाजतं. माझे कान पुरेसे आहेत."

"ठेव रे, लेका. चावत नाही तो."

काटा खणात गेला आणि तिथेच राहिला.

दोघांनी मिळून पद्धत ठरवली. खोकी ब्यूटच्या बँकेतून आणायची, आणि निवडून उरलेलं जस्त पंचवीस मैल दूर अनाकोंडाच्या बँकेत नेऊन द्यायचं. एकाच बँकेत परत केलं, तर पुढच्या खेपेला आपलाच गाळ आपल्या पदरात. ऑर्विल भिंग लावून साल बघायचा. जुन्या पेन्या उजवीकडच्या डब्यात, नव्या डावीकडे. फक्त ब्याऐंशीच्या तेवढ्या बाजूला काढून शेवटी फरशीवर वाजवायचा. हिवाळाभर अकरा खोकी झाली. तळघरात कॉफीच्या डब्यांची भिंत उभी राहिली.

एप्रिलमध्ये मिलो डबे बघायला आला.

"वा! आणि ब्याऐंशीच्या किती?"

"एकही नाही. त्या साली सगळं जस्तच पाडलेलं दिसतंय."

मिलोच्या कपाळाला आठी पडली. "असं कसं होईल? माझ्याकडे तर निम्म्याहून जास्त तांब्याच्या निघतात. उरलेल्या कुठायत?"

खिडकीतल्या बरणीत गेल्या खोक्यातल्या साठेक होत्या, अनाकोंडाला जायच्या तयारीत. मिलोने खण उघडला, काटा काढला, एक ठेवली. तीन पूर्णांक एक. दुसरी, तीन पूर्णांक एक. तिसरी अडीच. चौथी पुन्हा तीनच्या वर. मिलो खदखदून हसायला लागला.

"अरे देवा! म्हणजे हिवाळाभर तू गाडीत पेट्रोल घालून तांबं अनाकोंडाला पोचवत होतास! त्यांची चांदी झाली की रे! ऐला, ऐकलंस का, तुझ्या नवऱ्याने शेजारच्या गावाला दान केलंय!"

"त्याचं लक्ष असतं कुठे," ऐला ओट्यापाशी पीठ मळत म्हणाली. ती हसली, पण नवऱ्याकडे बघताना तिचं हसू मधेच थांबलं.

मिलो गेला. ऐला शेजारी गेली. घरात कुणी नाही हे बघून ऑर्विलने उजवीकडच्या डब्यातून एक पेनी काढली. एकोणीसशे पासष्ट. हिच्याबद्दल शंकेला जागाच नव्हती, आरपार तांबं. ती त्याने फरशीवर टाकली.

थप्प.

त्याने पुन्हा टाकली. जास्त उंचावरून. मग गुडघे टेकून फरशीजवळ कान नेला आणि तिसऱ्यांदा टाकली. पेनी नाचली, गिरक्या घेतल्या, आडवी झाली. पण लहानपणापासून ओळखीचा तो बारीक, लांबत जाणारा टिंग आवाज आला नाही. तो आवाज खोलीत होता. फक्त ऑर्विलपर्यंत पोचत नव्हता.

पेन्या गेल्या खड्ड्यात! तीन आठवड्यांनी, मेच्या पहिल्या शनिवारी संग्रहालय उघडणार होतं. मिलो आठ-आठ पाहुण्यांना घेऊन शंभर फूट खाली उतरणार, आणि वर लिव्हरवर बसणार ऑर्विल. खालून मिलो दोरी ओढणार, वर घंटा वाजणार. आधी तीन ठोके, म्हणजे पिंजऱ्यात माणसं आहेत. मग एक ठोका म्हणजे वर घे, दोन म्हणजे खाली सोड. त्या मजल्याच्या खाली बुडालेली खाण होती. काळं, गार, तळ नसलेलं पाणी. एक आणि दोन यांच्यात तेवढंच अंतर.

दुसऱ्या दिवशी तो एकटाच टेकडीवर गेला. यंत्र चालू केलं आणि यंत्रघरातूनच दोरी ओढून पाहिली. घंटा मोठी होती, आवाज यायचा. पण मोटरच्या घरघरीत ठोके सुटे होत नव्हते. एक की दोन, ते ओल्या घोंगडीतून आल्यासारखं कळत होतं. अंदाजाने. लिव्हरवर बसलेल्या माणसाने अंदाज करायचा नसतो, हे त्यानेच एकतीस वर्षं नव्या पोरांना बजावलं होतं.

सांगून टाकावं का? मग कुणीतरी दुसरा त्या खुर्चीत बसेल, आणि आपण मेपासून ऑक्टोबरपर्यंतही बिजागरं दुरुस्त करत राहू. त्याला ते सोसणार नव्हतं.

पुढच्या आठवड्यात ऐला न्हाणीघरातून ओरडली, "माझा आरसा कुठाय? भुवया काढायचा, हँडलचा?"

"मला काय माहीत! मी भुवया काढतो का?"

"काढल्या तर बरं. जंगल झालंय."

आरसा यंत्रघरात पोचला होता. ऑर्विलने तो लिव्हरसमोरच्या खिळ्याला अशा कोनात टांगला की पाठीमागच्या भिंतीवरच्या घंटेचा हातोडा त्यात दिसावा. आवाज नाही तर नाही, हातोड्याची हालचाल दिसते ना! शुक्रवारच्या चाचणीत त्याने मिलोला पाहुण्यांविना पिंजऱ्यातून सहा वेळा खालीवर केलं. एकदाही चूक झाली नाही. घरी परतताना तो चक्क शीळ घालत होता.

शनिवार उजाडला तो लख्ख. रस्त्याकडेला अजून मळकट बर्फ होतं, पण ऊन होतं. पहिल्या खेपेला आठजण. लाल टोपीतली एक बाई वारंवार विचारत होती, "दोर जुना नाही ना?" मिलो म्हणाला, "दोर नवा आहे, बाई. जुना वर बसलाय तो माणूस." सगळे हसले. ऑर्विलने हात वर केला. दार लागलं. तीन ठोके, मग दोन. आरशातला हातोडा मोजून मोजून हलला. त्याने ब्रेक सोडला आणि पिंजरा मऊसूत खाली गेला. तबकडीवरचा काटा शंभरावर आला. ब्रेक. आता वीस मिनिटं थांबायचं.

त्याने हात पुसले. आरशावरून नजर हलवली नाही.

अठराव्या मिनिटाला मागचं दार उघडलं. ऐला पहिल्या दिवसाच्या गरम पॅस्टी, खाणवाल्यांच्या मोठाल्या करंज्या, टोपलीत घेऊन आली होती. मांस-बटाट्याचा वास सगळीकडे पसरला. दार पूर्वेला होतं. उघड्या दारातून ऊन थेट आरशावर आदळलं, आणि ऑर्विलच्या डोळ्यांसमोर पांढऱ्या उजेडाखेरीज काही उरलं नाही.

नेमकी त्याच क्षणी मागे घंटा हलली. घोंगडीतून काहीतरी धडधडलं.

"दार लाव!" तो किंचाळला.

ऐला जागच्या जागी थिजली. तिने आरसा पाहिला. आरशाचं हँडल, खिळा, नवऱ्याचं पांढरंफटक तोंड, सगळं एका नजरेत तिला कळलं.

"ऑर्विल... तुला ऐकू नाही आलं?"

त्याचा हात लिव्हरवर होता. खाली नऊ माणसं होती. तीन तर असणारच, पण पुढे? एक? साहजिकच एक, वरच यायचं त्यांना, दुसरं कुठे जाणार? हात लिव्हरवर आवळला गेला. पण मिलो कधी कधी पिंजरा मजल्याशी नीट जुळवायला हातभर खाली मागतो. आणि पिंजऱ्याच्या कठड्यावर कुणाचा हात असेल तर? लाल टोपीवालीचा?

"एक वाजला शेवटी," ऐला म्हणाली. "तीन आणि मग एक. मी नीट ऐकलं."

त्याने लिव्हर हलवला नाही. उलट ब्रेक आणखी घट्ट ओढला आणि दोन्ही हात मांडीवर घेतले.

"दुसऱ्याच्या सांगण्यावरून पिंजरा हलवत नाहीत, ऐला. उत्तर मिळालं नाही की तो परत वाजवेल. दार लाव आणि तिथेच उभी राहा."

दार लागलं. उजेड विझला. आरशात घंटा पुन्हा दिसायला लागली. मुकी, निश्चल. एक मिनिट गेलं. शंभर फूट खाली, अंधारात, नऊ माणसं वरच्या माणसाची वाट बघत उभी होती, आणि ती वाट बघणं त्याला आपल्या दाढांत जाणवत होतं. ऐला कुजबुजत फिनिशमध्ये काहीतरी म्हणत होती. प्रार्थना असावी, किंवा शिव्या.

हातोडा हलला. एक, दोन, तीन. थांबला. एक.

"तीन आणि एक," ऐला म्हणाली.

"तीन आणि एक," तो म्हणाला, आणि पिंजरा वर घेतला. इतका हळू, की टोपलीतल्या पॅस्टी तेवढ्यात निवल्या.

पाहुणे बाहेर पडले. लाल टोपीवालीने पहिली पॅस्टी उचलली आणि ती तिथेच उभ्याने खाल्ली. मिलो मात्र तरातरा यंत्रघरात आला.

"झोपला होतास काय? मी खाली सगळ्यांना विनोद सांगत उभा! माझ्याकडे तीनच विनोद आहेत, ऑर्विल, आणि तिसरा बायकांसमोर सांगण्यासारखा नाही! अरे, निदान..."

त्याला आरसा दिसला. आरशातून घंटा दिसली. खिडकीतली बरणी, साठ पेन्या, थप्प थप्प, सगळं त्याच्या चेहऱ्यावर एकेक करून उमटत गेलं.

ऑर्विल खुर्चीतून उठला. त्याने आरसा खिळ्यावरून काढला, बाहीने पुसला आणि ऐलाच्या हातात दिला.

"चोरला होता," तो म्हणाला. मग मिलोकडे वळला. "तूही सहा वर्षं लिव्हर हाकलायस. बस."

"आणि खाली कोण जाणार?"

"मी. दोरी ओढायला कान लागत नाहीत."

"आणि पाहुण्यांना गोष्टी कोण सांगणार? तू तर बोलतच नाहीस!"

"माझ्याकडे चौथा विनोद आहे," ऑर्विल म्हणाला. "बायकांसमोर सांगण्यासारखा."

खोटं होतं ते. त्याच्याकडे एकही विनोद नव्हता. पण दुसऱ्या खेपेचे पाहुणे दाराशी उभे होते. मिलो खुर्चीत बसला, ब्रेक तपासला, तबकडी पाहिली. ऑर्विलने पिंजऱ्याचं दार लावलं आणि दोरी हातात घेतली. इतक्या वर्षांत ती ओढायची वेळ त्याच्यावर क्वचितच आली होती. तीन. मग दोन. एक श्वासभर काहीच झालं नाही. मग पायाखालची फळी हलकेच खाली गेली.

खाली तो पाहुण्यांशी काय बोलला हे मिलोला कधी कळलं नाही. पण वर येताना सगळे हसत होते, आणि एका म्हाताऱ्या गृहस्थाच्या हातात एक काळपट पेनी होती.

रविवारी मिलोने नवं खोकं आणून टेबलावर आदळलं. खणातला काटा बाहेर निघाला. ऐला म्हणाली, काटा कशाला, मी आहे ना. आणि फरशीशी बसून तिने ब्याऐंशीची पहिली पेनी टाकली.

"जस्त," ती ठामपणे म्हणाली.

ऑर्विलने ती काट्यावर ठेवली. मग चष्मा कपाळावर ढकलला आणि तिच्याकडे बघत राहिला.

"तीन पूर्णांक एक. उद्या दोघंही कानाच्या डॉक्टरकडे जाऊ, ऐला. एकाच खेपेत होऊन जाईल."

"ती चिकट होती! जॅम लागला होता तिला! मिलो, सांग ना ह्याला!"

मिलोने तोंडभर पॅस्टी असल्याचं नाटक केलं.