हवा खाणारी मोटार

हैदराबादेत पेट्रोलशी उभं वैर धरूनही अष्टौप्रहर मोटारीचाच विचार करणारा एकच माणूस होता, आणि दैवयोगाने तोच माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा, नवरा होता. दाजी जामबागेत मास्तर होते. पदार्थविज्ञान शाळेत शिकवायचं आणि ते खरं आहे का हे घरी तपासायचं, असा त्यांचा शिरस्ता. एकदा त्यांनी मिक्सर नळाच्या धारेवर चालवला. चटणी झाली, पण ती वाटीऐवजी भिंतीवर उतरली. कोणी हसलं की म्हणत, "हसून घ्या. हसायलाही हवाच लागते."

त्या वर्षांत देशाची दारं नुकतीच उघडली होती आणि रस्त्यावर रोज नवी गाडी दिसे. मी माहितीपत्रकं उशाशी घेऊन झोपत होतो. दाजींनी मात्र अफझलगंजच्या भंगारातून इंजिन नसलेली एक चिमुकली मोटार आणली, मागच्या सीटच्या जागी लोखंडी टाक्या बसवल्या आणि जाहीर केलं, की ही दाबून भरलेल्या हवेवर चालणार. मी वीज खात्यात इंजिनिअर. घरातला फ्यूज उडाला की मी आधी मेणबत्ती शोधतो, पण पदवी ती पदवीच. मी व्याख्यान झोडलं: हवा दाबायलाच केवढी वीज खर्च होते, त्यातली बरीचशी वाया जाते, आणि टाकी रिकामी व्हायला कितीसा वेळ! दाजींनी शांतपणे ऐकलं. "बरोबर आहे तुझं. रविवारी ये. धक्का मारायला शिकलेला माणूस बरा."

आणि रविवारी ती गाडी चक्क निघाली! फुसफुसत, शिंकत, पण निघाली. मी शेजारी बसून माझी पदवी मागे पडताना पाहत होतो. सुलतान बाजारात मात्र तिचा दम संपला. सुटणाऱ्या हवेने नळ्या इतक्या गारठल्या होत्या, की भर मे महिन्यात त्यांच्यावर पांढरंशुभ्र बर्फ साचलं. बाजार गोळा झाला. सोडावाला म्हणाला, "कायकू ढकेलरे साब? इदरीच रखो, बाटल्यां ठंडी कर लेतूं!" मी घामाघूम होऊन ढकलत असताना नेमके आमचे मोठे साहेब कापडाच्या दुकानातून बाहेर आले. "कुठल्या कंपनीची हो?"

"घरचीच," मी म्हणालो.

घरी पोचल्यावर मी भडकलो. "दाजी, सोडा हा नाद. अख्खा बाजार मला हौला, ठार खुळा समजतो!"

दाजींनी आत पाहिलं. अक्का खोकत होती. ते हळू आवाजात म्हणाले, "रिक्षाच्या धुराने तिचा दमा उसळतो. कित्येक वर्षांत तिने सुलतान बाजार पाहिलेला नाही. धूर न सोडणारी गाडी कुठं मिळत असेल तर सांग, तीच घेऊ."

माझ्या एकाही माहितीपत्रकात तशी गाडी नव्हती.

पुढच्या रविवारी रहदारी सुरू व्हायच्या आत आम्ही निघालो. अक्का जरीची साडी नेसून पुढे, चाकावर दाजी, आणि मी, कोणी न सांगताच, गाडीच्या मागे पायी. हवा लवकरच संपली, मग मी खांदा लावला. "काय गुळगुळीत चालते हो!" अक्का म्हणाली. "हवेचा गुण," दाजी गंभीरपणे म्हणाले. नाकावरचा पदर काढून ती बंद दुकानांच्या पाट्या मोठमोठ्याने वाचत होती. कुठलं दुकान बदललं, कुठलं तसंच आहे, सगळं सांगत होती. एका वळणावर मला दम लागला, मी थांबलो, तशी गाडीही थांबली. अक्काने मागे वळून पाहिलं, हसली, आणि पुन्हा पाट्या वाचू लागली.

ती गाडी पुढे भंगारातच गेली. दाजी गेले, मागोमाग अक्काही. आता माझ्याकडे काचा लावून गारेगार बसायची मोटार आहे, आणि निवृत्त झाल्यापासून वेळही रग्गड आहे. सुलतान बाजारात न्यायचं कुणाला, एवढंच सुचत नाही.