म्वालिमू बाईंची आफ्रिका

आमच्या कोराडीच्या वीजकेंद्राच्या कॉलनीत खिडकी सकाळी पुसली, की संध्याकाळी तिच्यावर पुन्हा राखेचा बारीक थर दिसतोच. किश्श्यांचंही तसंच. एक सांगून टाकला, की वाटतं, झालं, आता संपलं. दुसऱ्या दिवशी बघावं तर कुठून तरी आणखी दोन येऊन बसलेले!

मी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला दोन वर्षं टांझानियातल्या एका खेड्यात शाळा शिकवायला होते. स्वयंसेवक म्हणून. राहायला जागा, जेवण आणि हातखर्च, एवढंच. त्याला आता कितीतरी वर्षं झाली. पण हिवाळ्यात दुपारी आम्ही बायका गच्चीवर तुरीच्या उकडलेल्या शेंगा घेऊन बसलो, की शेजारची शोभा म्हणतेच, "सांग ना वं, तुह्या आफ्रिकेचं काहीतरी!"

आणि मग मला ऊन लागेनासं होतं. समोरच्या चिमण्यांचा धूर विरघळून जातो आणि तिथं लाल मातीची टेकडी दिसायला लागते.

*

आफ्रिकेहून आलेल्या माणसाला इथं पहिला प्रश्न एकच. "सिंह पाहिला का?"

नाही पाहिला! दोन वर्षांत एकही नाही. शोभाला तर हे सांगताना मला अपराध्यासारखं होतं.

गंमत म्हणजे तिकडे गेल्यावर मलाही पहिल्याच आठवड्यात तेच विचारलं गेलं. आमचे हेडमास्तर जुमा सर. उंच, हळू बोलणारे, डोक्यावर सदा पांढरी गोल टोपी. आंब्याखाली खुर्च्या टाकून आम्ही बसलो होतो. ते म्हणाले, "तुमच्याकडे जंगलात काय असतं?"

मी मोठ्या अभिमानाने सांगितलं, की आमच्या नागपूरजवळ, रामटेकच्या पलीकडे, वाघ आहेत. वाघ तिथं कुणी पाहिलेला नव्हता. मग मी जमिनीवर काडीने काढून दाखवला. अंगावर पट्टे, सिंहाएवढा मोठा, गवतात शिरला की दिसत नाही, गुरं नेतो, कधी माणूसही नेतो.

जुमा सरांनी वाकून ते चित्र नीट पाहिलं. मग म्हणाले,

"आणि इकडे येताना तुमच्या घरचे लोक घाबरले होते?"

*

शाळेचा पहिला दिवस. जुमा सरांनी आदल्या दिवशी सांगितलं होतं, "शाळा एक वाजता."

मला बरं वाटलं. सकाळभर सामान लावलं, विहिरीचं पाणी आणून अंघोळ केली, इस्त्री मोडलेली सुती साडी उशीखाली दाबून जरा सरळ केली. डोक्यावर ऊन घेत बरोबर एक वाजता शाळेत हजर!

शाळेत चिटपाखरू नाही. पटांगण झाडून स्वच्छ केलेलं. पायरीवर पिवळ्या रानफुलांचा ढीग, पार कोमेजलेला. वारा आला की त्यातलं एखादं फूल घरंगळत जायचं. मी पायरीवर बसून राहिले. मला वाटलं, आपण स्वप्नात चुकीच्या शाळेत आलो.

थोड्या वेळाने नीमा आली. नीमा तिथली लहान वर्गांची बाई, माझ्याच वयाची. पुढे दोन वर्षं आम्ही एकाच घरात राहिलो. तिनं सांगितलं, की पोरं सकाळीच फुलं घेऊन रांगेत उभी होती. बाई आल्याच नाहीत. पोरं शिकून, जेवून, घरीही गेली!

तिकडे दिवस सूर्याबरोबर सुरू होतो. सूर्य उगवून एक तास झाला, की एक वाजला. म्हणजे आपले सकाळचे सात.

मी जुमा सरांची माफी मागितली आणि म्हटलं, "आमच्याकडे दिवस मध्यरात्रीपासून मोजतात हो."

सरांना खरंच नवल वाटलं. "मध्यरात्रीपासून? पण तेव्हा मोजायला जागं कोण असतं?"

*

तिकडे भेटलं, की आधी 'हबारी' विचारायची. हबारी म्हणजे आपली खबर. सकाळची खबर काय? घरची काय? पोरांची काय? कामाची काय? आणि प्रत्येकाला उत्तर एकच, "न्झुरी." छान! घाई असली तरी हे सगळं झाल्याशिवाय मुद्द्यावर यायचं नाही.

एका पहाटे आमचा चौकीदार दारात. रात्रभर वारा पिसाटल्यासारखा वाहिला होता. आता मात्र सगळं शांत, दऱ्यांत धुकं साचलेलं, आणि त्या धुक्यात म्हातारा हातातली टोपी चुरगळत उभा.

"सकाळची खबर काय, म्वालिमू?" म्वालिमू म्हणजे मास्तर. बाईमाणसालाही तेच.

"छान. तुमची?"

"छान. झोपेची खबर काय?"

"छान. घरची?"

"छान. बायको छान, पोरं छान, कोंबड्या छान." मग जरा थांबून, "वाऱ्याची खबर ऐकली असेल."

"ऐकली. शाळेची खबर काय?"

"शाळा छान आहे." पुन्हा थांबला. "छप्पर नाही."

मी तशीच धावत गेले. सगळे पत्रे उडून मक्याच्या शेतात पडले होते. माझा वर्ग आभाळाला उघडा. फळ्यावर मात्र आदल्या दिवशीचं गणित जसंच्या तसं!

मी म्हाताऱ्यावर चिडले. आल्या आल्या सांगायचं नाही का?

तो शांतपणे म्हणाला, "छप्पर तर गेलंच होतं, म्वालिमू. तुमची सकाळही कशाला घालवू?"

पुढचा सगळा महिना आम्ही आभाळाखाली शाळा भरवली. ढग गेला, की अख्खा वर्ग वर बघायचा. मीसुद्धा. त्या महिन्यात कुणाला काय शिकवलं, आठवत नाही. पण तेवढी आनंदी पोरं मी पुन्हा पाहिली नाहीत.

*

तिथं मराठीत बोलायला कुणी नाही. पहिले काही महिने काही वाटलं नाही. मग एकदा भात ढवळता ढवळता लक्षात आलं, की आपल्या तोंडून मराठीचा शब्द निघून कितीतरी दिवस झाले.

शेजारणीची एक बकरी होती. दांडीवर साडी वाळत घातली, की ही पदर चघळायला हजर. एकदा मी ओरडले, "काहून वं? तुले दुसरं काही खायाले भेटत नाही का?"

इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! मग मी रोज तिच्याशीच बोलायला लागले. "काहून वं, कुठं गेलती?" "काहून वं, आज उशीर केला!" बकरी कान हलवायची, ऐकून घ्यायची.

थोड्या दिवसांनी संध्याकाळी दारात बसले होते. चुलींचा धूर खाली उतरत होता, टेकडीच्या कडा निळ्या होत होत्या. आणि टेकडीपलीकडून कुणी तरी लांब हेल काढून हाक मारली,

"काऽहुनवंऽऽ! काऽहुनवंऽऽ!"

मी ताडकन उठून उभी राहिले. वाटलं, मोहल्ल्यातलीच कुणी बाई मला शोधत इथवर आली!

शेजारीण बकरीला बोलावत होती. बकरीचं नावच पडलं होतं ते.

तिनं मला नावाचा अर्थ विचारला. मी सांगितलं, "म्हणजे, का गं?"

तिनं विचार केला आणि मान डोलावली. "बरोबर आहे. बकरीला दुसरं विचारणार तरी काय!"

*

एकदा पौर्णिमेला चंद्र वर येत होता. मी पाहिलं, तर त्यातला ससा आपल्याकडे असतो तसा नव्हता. चांगला कलंडलेला! आपण पृथ्वीच्या पोटाखालच्या बाजूला आलोय, म्हणून तो असा दिसतो, हे भूगोल शिकवणाऱ्या मला कळत होतं. तरी जीव कासावीस झाला. मी नीमाला दाखवलं. म्हटलं, "बघ, तुमच्याकडे ससा कुशीवर झोपलाय."

नीमा हळूच म्हणाली, "का? तुमच्याकडे त्याला झोपू देत नाहीत?"

*

आता हा एक. हा मी शोभालाही फार दिवसांनी सांगितला.

मी निघाले तेव्हा घरात माझ्या जाण्यावरून फार भांडणं झाली होती. बाबा माझ्या बाजूने. माय मात्र अडून बसली. लग्नाच्या वयाची पोरगी, आणि चालली परदेशी फुकट शिकवायला! जायच्या दिवशी नागपूर स्टेशनवर सगळे आले. बाबा, भाऊ, काकू, मोहल्ल्यातले लोक. सगळ्यांनी जयभीम केला, हार घातले. माय आली नाही. "मले काम आहे," एवढंच म्हणाली होती. गाडी सुटेपर्यंत मी, माय येते का म्हणून, फलाटावरच्या पुलाकडे बघत होते. ते दुखणं मी कुणाजवळ बोलले नाही. नीमाजवळही नाही.

दुसऱ्या वर्षी पावसाळ्यात मला मलेरिया झाला. साधा नाही, डोक्यात चढलेला. नदीला पूर, लॉरी येईना. दवाखान्याचा कंपाउंडर पाण्यातून चालत येऊन कुनैन देऊन गेला. जाताना नीमाला बाहेर नेऊन म्हणाला, "हिच्या घरी कुणाला कळवायचं, ते ठरवून ठेवा."

नीमा दिवसा शाळेत जायची, तेव्हा जुमा सरांची आई माझ्याजवळ बसायची. तिला सगळे बीबी म्हणत. बीबी म्हणजे आजी. बीबीला तिथली सगळ्यांची स्वाहिली भाषा येत नव्हती. तिची वेगळीच, डोंगरातली बोली. त्या बोलीचा एक शब्द मला कळत नव्हता. ती ओली फडकी कपाळावर ठेवायची, मक्याची पातळ पेज चमच्याने पाजायची. मला आठवतो तो फक्त तिचा हात. खरखरीत आणि थंडगार. आणि पत्र्यावर पडणारा पाऊस.

ताप उतरला तेव्हा सकाळ होती. नीमा उशाशी बसून रडत होती आणि हसत होती. म्हणाली, "तुम्ही दोघी किती बोललात!"

"कोण दोघी?"

"तू आणि बीबी. मी शाळेतून यायची तेव्हा तुमचं चालूच असायचं. तू काहीतरी सांगायचीस, मग बीबी सांगायची. एकदा दोघीही रडलात."

"कोणत्या भाषेत?"

"तू तुझ्या. ती तिच्या."

बीबी कोपऱ्यात बसून शेंगा सोलत होती. मी नीमाला म्हटलं, "विचार तिला, मी काय बोलले?"

नीमानं तिला तिच्या बोलीत विचारलं. बीबीनं शेंगांवरची नजर न काढता उत्तर दिलं. नीमा जरा गोंधळली. तिनं पुन्हा विचारलं. बीबी पुन्हा तेच बोलली.

नीमा म्हणाली, "बीबी म्हणते, तू उगाच आईवर रागावलीस. तुझी आई त्या दिवशी आली होती. सगळ्यांच्या मागे, पाण्याजवळ उभी होती. तुमच्याकडे पाठ करून भांडं भरत होती. भांडं भरून वाहत होतं, तरी भरतच होती."

बीबीनं सोललेले दाणे माझ्या ओंजळीत दिले आणि ती उठून घरी गेली.

दोन वर्षं संपवून मी नागपूरला परत आले. मायनं काही विचारलं नाही, मीही काही सांगितलं नाही. माझ्या आवडीचं जेवायला घातलं, डोक्याला तेल लावलं. कित्येक आठवडे तो प्रश्न माझ्या ओठांपर्यंत यायचा आणि परत जायचा.

मग एका दुपारी माय मागच्या अंगणात मेथी निवडत बसली होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले. दोन काड्या निवडल्या आणि म्हटलं,

"माय, मी गेली त्या दिवशी तू स्टेशनवर नळाजवळ उभी होती का वं?"

मायचे हात थांबले. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

"तुले कोणं सांगतलं?"